ओठ हलत राहतात

३ जुलै, गुरुवार

दहाव्या मजल्यावरच्या कुटुंबाने आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या कुटुंबाविरुद्ध युद्ध पुकारलं. हत्यार: एक न पिळलेली दुलई. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या या इमारतींत कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर काढायची पद्धत आहे, आणि वरच्या बांबूखाली खालच्यांचा बांबू असतो हे सुजाण माणसाला सांगावं लागत नाही. माझे चार शर्ट, नीताच्या ऑफिसच्या दोन पँटी आणि बाबांचा लेंगा जवळजवळ वाळले होते. त्यांच्यावर चाळीस मिनिटं अभिषेक चालला. टाउन कौन्सिलला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. त्यात ‘मानवी सहजीवनाचा पाया’ हे शब्द दोनदा येतात. बाबा म्हणाले, लेंगा परत वाळेल की. याच वृत्तीमुळे आपल्यावर इंग्रजांनी राज्य केलं.

ही वही मी नोकरी गेली त्या आठवड्यात आणली होती. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेने आमचा अख्खा विभाग एका शुक्रवारी दुपारी बंद केला, केक कापून. त्यानंतर सात महिने वहीत एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण काम मिळालंय. मुंबईच्या एका डबिंग स्टुडिओतल्या राधिकाने इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतलं माझं तिरकस सदर वाचलं होतं. तिला वाटलं, हा माणूस संवाद लिहू शकेल. संवाद म्हणजे मराठी. सिनेमा अमेरिकन. विषय: मॉर्मन नावाच्या पंथाचे सुरुवातीचे वसाहतवाले, साल १८५६.

दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा, आठ भागांत. इंग्लंडातली गरीब माणसं नव्या धर्मासाठी जहाजाने अमेरिकेला येतात. तिथे बैलगाड्या परवडत नाहीत म्हणून दोन चाकांच्या हातगाड्या स्वतः ओढत एकवीसशे किलोमीटर चालतात. निघायला उशीर होतो, वाटेत बर्फ गाठतो. कुणाला तरी वाटलं आहे की हे मराठीत चालेल.

बाबांना गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “उशिरा सुटलेली गाडी पुढे आणखी उशीरच करते.” मग विचारलं की ही माणसं चहा पितात का. म्हटलं, पुढेपुढे त्यांच्या धर्मात चहाकॉफी दोन्ही वर्ज्य झालं. बाबा बराच वेळ त्यांच्यासाठी हळहळले.

७ जुलै, सोमवार

डबिंगची अडचण अशी: पडद्यावरचा माणूस साडेचार सेकंद तोंड हलवत असेल तर मराठी वाक्यही साडेचार सेकंदच चाललं पाहिजे. तो ओठ मिटेल तिथे आपल्याकडे प किंवा म आला तर उत्तम. मी स्वतः वाचून वेळ घेतली. नीता म्हणाली, तू भांडताना बोलतोस तसं वाचतोयस, एवढ्या वेगाने फक्त तूच बोलतोस. संगणकाच्या आवाजाला वाचायला लावलं, तर म्हातारा धर्मोपदेशक बँकेच्या फोनवरच्या बाईसारखा बोलू लागला.

शेवटी बाबांना बसवलं. हे आधी सुचायला हवं होतं. दीनानाथ कुलकर्णी, वय एक्याऐंशी, एकतीस वर्षं कराड एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लहानपणी मी त्यांच्या खोलीत बाकावर बसून ऐकायचो. कराडपासून मुंबईपर्यंतचे सगळे थांबे ते एका श्वासात सांगायचे आणि वर ‘प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी’ हेही त्याच श्वासात. आम्ही पोरं दम धरून बघायचो, कोण त्यांच्यापर्यंत टिकतं ते.

जेवणाच्या टेबलाशी ते, समोर मी, हातात स्टॉपवॉच. पहिलंच मोठं वाक्य अकरा सेकंदांचं होतं. बाबा दहा पूर्णांक आठला थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा वाचलं, पुन्हा दहा पूर्णांक आठ. मी तक्ता केला आहे: तारीख, भाग, वाक्य, मूळ वेळ, बाबांची वेळ. बाबांना तक्ता आवडला. त्यांनी तो पट्टीने आखून दिला.

१२ जुलै, शनिवार

नीताने सकाळी बाबांच्या डॉक्टरचा विषय काढला. आई गेल्यावर दोन वर्षं बाबा कराडला एकटे राहिले. या जानेवारीत इकडे येण्याआधी पुण्याच्या छातीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की फुप्फुसांना जुने व्रण आहेत, वाढतात का ते बघायला हवं, सहा महिन्यांनी न चुकता पुन्हा दाखवा, वेळेत कळलं तर औषधाने रोखता येतं. सहा महिने झाले.

बाबा म्हणाले, मला काही होत नाही. मग म्हणाले, इथे नको, नोव्हेंबरात कराडला जाणारच आहे तेव्हा बघू. ते व्हिजिट पासवर आहेत, म्हणजे उपचारांत सवलत शून्य. हे त्यांना कुणी सांगितलं कळत नाही. बहुतेक खाली बाकांवर बसणाऱ्या निवृत्त मंडळींनी. त्यांच्यात सिंगापूर सरकारचे सगळे नियम पाठ असलेले तिघं आहेत.

मी नीताला म्हटलं, चौथा भाग होऊ दे. भाग द्यायच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि दवाखान्यात एक अख्खा दिवस जातो. ती म्हणाली, “तुझ्याकडे सात महिने दिवसच होते.” रॅफल्स प्लेसला रोज हिशेब तपासायला जाणाऱ्या बायकोशी वाद घालू नये, तिला आकडे आठवतात.

इराला आजोबांचं नवं काम फार आवडलंय. सोळा वर्षांची झाली, घरात मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. आज तिने विचारलं, “आजोबा, यू आर दि ओल्ड मॅन ऑर दि बेबी?” बाबा म्हणाले, “सगळेच.” ती म्हणाली, “वा, सो पावरफुल लाह.”

२० जुलै, रविवार

मराठी भाषेवर मी आज अधिकृतपणे नाराज आहे. इंग्रज माणूस दोन शब्दांत मरतो. आपल्याला मरतानाही क्रियापद शेवटी लागतं, आणि त्याआधी नातं, मान, वय सगळं सांभाळावं लागतं. चौथा भाग बसेना. साडेसहा सेकंदांचं वाक्य बाबा आठात संपवतात. मी एक विशेषण काढलं. तरी सात पूर्णांक दोन. मग ‘माझ्या लेकरांनो’ काढलं. मग बसलं.

संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की दोष एकट्या मराठीचा नाही, बाबा नाटक करायला लागले आहेत. वाक्याच्या मध्येच थांबतात, एकदा नव्हे, दोनदा. पडद्यावरचा म्हातारा कुठेही थांबत नाही. मी म्हटलं, बाबा, इथे कुणी टाळ्या वाजवणार नाही, सरळ वाचा. इरा तिथेच होती. बाबा म्हणाले, “बरं.” पुढची चार वाक्यं त्यांनी खरंच सरळ वाचली आणि मग पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

माणूस एक्याऐंशीव्या वर्षी रुसतो हे मला माहीत नव्हतं.

२९ जुलै, मंगळवार

पाचवा भाग पाठवला. या भागात हातगाड्या जड होतात म्हणून पुढारी हुकूम काढतात: माणशी सतरा पौंड सामान, बाकी टाका. कुणी घड्याळ टाकतं, कुणी पुस्तकं, एक बाई आईची रजई रस्त्याकडेला घडी घालून ठेवते, जणू परत येऊन नेणार आहे. सतरा पौंड म्हणजे पावणेआठ किलो. विमानात आपल्या बायकांच्या हातातल्या पर्सचं वजन याहून जास्त असतं. हे वाक्य स्मरणिकेसाठी राखून ठेवलं आहे.

मीही गाडी हलकी करतो आहे. विशेषणं गेली, संबोधनं गेली, आता जोडवाक्यं तोडतो आहे. एका वाक्याची दोन, दोनांतलं एक टाकायचं. बाबांची तोडकी वाक्यं तक्त्यात बरोबर बसतात. लेखन घट्ट होतंय. राधिकाने याची दखल घेतली तर बरं.

बाबांना हल्ली निसर्गाची ओढ लागली आहे. मार्केटपर्यंत माझ्याबरोबर निघाले तर प्रत्येक बाकावर बसतात आणि झाडांकडे बघतात. आज एका रेन ट्रीकडे सहा मिनिटं बघितलं. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात. हाताने थांब म्हणाले. कराडला असताना या माणसाने दारातल्या जास्वंदीलाही कधी पाणी घातलं नव्हतं.

झोपायला तीन उशा मागितल्या. मी म्हटलं, एसीची हवा खाली साचते, बरोबर आहे. नीताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात, नक्की, आठवा भाग झाला की. ती म्हणाली, “तू चौथ्याबद्दलही हेच म्हणाला होतास.” मग तिने स्वतः फोन करून एकवीस ऑगस्टची वेळ घेतली. त्याआधीची मिळत नव्हती.

५ ऑगस्ट, मंगळवार

आठवा भाग. शेवटचा मोठा प्रसंग. म्हाताऱ्याची नात, मर्सी नावाची, रात्रीत गारठून गेली आहे. जमीन इतकी गोठली आहे की कुदळ लागत नाही. बर्फ बाजूला करून तिला ठेवतात आणि म्हातारा बोलतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. एकोणीस सेकंदांचं एक वाक्य, मध्ये कुठेही तोंड मिटत नाही.

माझा पहिला मसुदा असा होता:

“आम्ही तुला इथे ठेवून पुढे जातो आहोत मर्सी, आणि जमीन इतकी गोठली आहे की तुला हातभर खोल जागासुद्धा देता आली नाही, पण ज्याने आम्हाला समुद्र ओलांडून इथवर आणलं त्याला ही जागा ठाऊक आहे, आणि आमच्यातला जो कुणी पोचेल तो तिथे पोचल्यावर पहिल्यांदा तुझं नाव मोठ्याने घेईल.”

बाबांनी तीनदा प्रयत्न केला. ‘जागासुद्धा’पाशी थांबायचे. दुसऱ्यांदा सव्वीस सेकंद झाली, तिसऱ्यांदा मीच घड्याळ बंद केलं. तिथेच बसून वाक्य कापलं: “आम्ही पुढे जातो आहोत मर्सी. ही जागा त्याला ठाऊक आहे.” हे बाबांनी अठरा सेकंदांत वाचलं, मध्ये थांबून. तक्त्यात बसलं.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“हे का काढलंस? चांगलं होतं.”

“वेळेत बसत नाही, बाबा.”

“मी बसवतो. दोन दिवस दे.”

मी म्हटलं, बघू उद्या. शनिवारी सगळं पाठवायचं आहे, दोन दिवस कुठून देणार. त्यांनी जुना कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. काढलेली वाक्यं म्हातारी माणसं कशाला जपतात कुणास ठाऊक.

९ ऑगस्ट, शनिवार

राष्ट्रीय दिन. सकाळपासून डोक्यावरून विमानं. आठवा भाग दुपारी पाठवला. अख्खं काम तारखेच्या आत. सगळे मिळून टीव्हीवर संचलन बघितलं. बाबा खुर्चीतच झोपले होते, तोंड उघडं ठेवून. इराने आवाज बारीक केला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

राधिकाचा फोन. ती फार सभ्य मुलगी आहे, आधी पाच मिनिटं पहिल्या तीन भागांची स्तुती केली. मग म्हणाली, “सर, चौथ्यापासून काहीतरी झालंय. आमचे आर्टिस्ट नॉर्मल स्पीडने वाचतात, तुमचं वाक्य संपतं आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतच राहतात. शेवटी शेवटी तर फारच. तुम्ही घाईत होतात का?”

मी बरंच काही बोललो. आजकालच्या नटांना विराम कळत नाहीत, मराठीची लय कळत नाही, रेल्वे पकडायची असल्यासारखे वाचतात, वगैरे. म्हटलं, माझं प्रत्येक वाक्य घड्याळ लावून मोजलेलं आहे, तक्ता पाठवू का? ती म्हणाली, तिनेही एक तक्ता केलाय, तो पाठवते. आवाज संपल्यावर ओठ किती वेळ रिकामे हलतात त्याचा.

तक्ता आला. भाग एक ते तीन: शून्य. भाग चार: दीड सेकंद. पाच: अडीच. सहा: चार. सात: साडेपाच. आठव्या भागातलं ते थडग्यापाशीचं वाक्य: तेरा. तेरा सेकंद म्हातारा बर्फात तोंड हलवत राहतो आणि आवाज नाही.

नीता साडेसातला घरी आली. मी दारातच सुरू झालो. तिने चपला काढल्या, दोन्ही तक्ते हातात घेतले, राधिकाचा आणि माझा, आणि डायनिंग टेबलावर शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले, ती ऑफिसात वाचत असेल तसे. तारखांवरून बोट फिरवलं. मी बोलतच होतो. तिने बोट वीस जुलैच्या ओळीवर थांबवलं.

मग म्हणाली, “अश्विन, हे राधिकाला नको पाठवूस. हे डॉक्टरला दाखव.”

आत बाबा खोकत होते. सकाळीही खोकत होते. मला वाटतं, गेले काही दिवस खोकतच होते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटे नीताने टॅक्सी बोलावली. एकवीस तारखेची वाट बघितली नाही. हॉस्पिटलात नर्सने बाबांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि लगेच दुसऱ्या नर्सला हाक मारली. पुढचं सगळं भराभर झालं.

डॉक्टर तरुण आहे, तमिळ, फार शांत बोलतो. त्याने विचारलं, दम कधीपासून लागतो. मी भाषांतर केलं. बाबांनी दोन बोटं वर केली. दोन दिवस. मी ते इंग्रजीत केलं नाही. खिशातून तक्ता काढून दिला. काय आहे ते समजावलं: हे वाक्य, हे मूळ, ही त्यांची वेळ, ही तारीख. त्याने तो नीट वाचला. म्हणाला, वीस जुलैला आणलं असतं तर. पुढे काही म्हणाला नाही, वाक्य पूर्ण करायला त्याच्याकडे भरपूर श्वास होता तरी.

व्रण वाढले आहेत, वर संसर्ग झाला आहे. छातीच्या फोटोत फुप्फुसं खालून पांढरी दिसतात.

बाबा माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. पट्टीने आखलेल्या रेषा त्यांच्याच होत्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज बाबा थोडे बरे. ऑक्सिजनचा मास्क काढून, बायकांनी जावेच्या स्वयंपाकाबद्दल बोलावं तसं हॉस्पिटलच्या लापशीबद्दल बोलले. मग इकडच्या खर्चाची चौकशी केली. मी खोटा आकडा सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही, पण एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आहे, आकडा लेखी मागायला हवा होता, मागितला नाही.

मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो. म्हटलं, बाबा, मी तुम्हाला नाटक करता म्हणालो. इरासमोर.

त्यांनी मास्क बाजूला केला.

“आवाज लांबवत होतो. मला वाटलं, तुला कळेल.”

“काय कळेल?”

“की मुद्दाम करतोय.” श्वास घेतला. “दम दिसू नये. नाटकच वाटावं. म्हणून.”

नर्सने येऊन मास्क परत बसवला आणि माझ्याकडे रागाने बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे असंच बघावं असं मला वाटायला लागलं आहे.

निघताना त्यांनी खूण करून थांबवलं. मास्कच्या आतून म्हणाले, “ते वाक्य लांबच ठेव.” मी हो म्हटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सहा चाळीसला बाबा गेले. नीता आणि मी होतो. इरा टॅक्सीत होती, येत होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल मंडाईच्या दहनगृहात सगळं झालं. वीस मिनिटांची वेळ दिली होती, पुढचं कुटुंब बाहेर उभं होतं. मंडळातले दहा-बारा जण आले. गुरुजींनी विचारलं, मुलाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी सदर लिहितो, तीस वर्षं लोकांची टर उडवतो आहे, स्टेजवर मला कधी शब्द कमी पडला नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. इरा माझा हात धरून उभी होती. तिने मराठीत विचारलं, “बाबा, आता आपण काय करायचं?” मी तिच्याकडे बघितलं, कारण असं पूर्ण मराठी वाक्य ती कधी बोलत नाही.

परवा गणपती. या वर्षी आपल्याकडे बसणार नाहीत. नीताने मखराचं सामान परत माळ्यावर टाकलं.

राधिकाला मेसेज केला होता. तिने लिहिलं, सर, सगळं थांबवते, तुम्ही सवडीने करा. त्या सिनेमात तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत गाड्या ओढायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती माणसं निर्दय वाटली होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काल तेरावा झाला. आज टेबलाशी बसलो. चार ते आठ भाग पुन्हा लिहायचे आहेत, पूर्ण लांबीचे. काढलेलं सगळं परत घालतो आहे. ‘माझ्या लेकरांनो’ घातलं, विशेषणं घातली. सगळं बसतंय. मराठी अगदी बेताची लांब आहे, तिची काही चूक नव्हती.

वेळ घ्यायला कुणी नव्हतं. इरा आपणहून समोर येऊन बसली. तिचे उच्चार असे की म्हाताऱ्या मॉर्मनाने शाळा इथल्या बुकित बातोकला केली आहे असं वाटावं. ‘ठाऊक’पाशी अडखळली, दोनदा. पण दम आहे. शेवटचं मोठं वाक्य तिने साडेअठरा सेकंदांत संपवलं आणि म्हणाली, सॉरी, फास्ट झालं का, आजोबा स्लो वाचायचे ना. मी म्हटलं, हो, आजोबा हळू वाचायचे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस उगाच पुसला.

१० सप्टेंबर, बुधवार

सगळे भाग काल गेले. राधिकाने आज सकाळी लिहिलं, ओठ जुळले.

मी लवकर उठलो. नोकरी गेल्यापासून नऊच्या आत उठत नाही, आज सहालाच जाग आली. घरात कॉफी नव्हती, म्हणून पलीकडच्या ब्लॉकखाली जे कॉफीचं दुकान आहे तिथे गेलो. तिथे मी सहसा जात नाही. तिथला चिनी म्हातारा आणि मी, आमची मान हलवण्यापुरती ओळख.

त्याने कॉफी ओतता ओतता विचारलं, तुमचे वडील कुठे आहेत, बरेच दिवस दिसले नाहीत. मी सांगितलं. त्याने कपडा खांद्यावर टाकला. मग त्याच्या तुटक इंग्रजीत सांगू लागला.

बाबा रोज यायचे, सात वाजता, ऑगस्टच्या त्या मधल्या आठवड्यात. लिफ्टने खाली, मग हळूहळू भिंतीला धरून. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे, एक कॉफी घ्यायची, खिशातून कागद काढायचा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काहीतरी म्हणायचे. थांबायचे, छाती धरायचे, परत पहिल्यापासून. म्हाताऱ्याला वाटलं प्रार्थना आहे, म्हणून तो त्या वेळी रेडिओ बंद ठेवायचा. रोज शेवटी बाबा मान हलवून कागद घडी करायचे आणि घरी यायचे. मी तेव्हा झोपलेलो असायचो.

एक दिवस मात्र मान हलवली नाही. उठून काउंटरपाशी आले, फार घाम आला होता, हसत होते. म्हाताऱ्याने त्यांची नक्कल करून अंगठा वर केला. “टुडे कॅन,” तो म्हणाला. “ही से, टुडे कॅन.” म्हणजे, आज जमलं.

मी तारीख विचारली. त्याला तारीख आठवेना, पण गुरुवार होता, कारण गुरुवारी त्याच्याकडे अंडी येतात, आणि त्यानंतर बाबा आले नाहीत. म्हणजे चौदा ऑगस्ट. मी काम पाठवून पाच दिवस झाले होते, हे मी त्यांना सांगितलं होतं की नाही ते आता आठवत नाही. एकोणीस सेकंदांत ते वाक्य, दुसऱ्या दिवशी ज्यांना डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर बोटांनी द्यावं लागलं त्यांनी. शक्य नाही. घड्याळ वाचण्यात बाबांची कधी चूक होत नसे. कधी मुद्दाम केली असेल तर मला ठाऊक नाही. मी उठल्यावर ते मला काही बोलले नाहीत, किंवा बोलले असतील आणि मी राधिकाशी फोनवर भांडत असेन.

म्हातारा म्हणाला, त्या दिवशी आनंदाच्या भरात पाकीट घरी विसरलेत हे त्यांच्या लक्षात आलं. उद्या देतो म्हणाले. फार ओशाळले होते, दोनदा म्हणाले.

मी विचारलं, किती.

“नो नीड लाह,” तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, एक डॉलर साठ. मी माझ्या कॉफीचे वेगळे दिले, आणि हे वेगळे, नाणी मोजून, त्याच्या हातात. त्याने ती गल्ल्यात टाकली आणि बाबांच्या टेबलावरचा कप उचलून दुसऱ्या कुणासाठी ते पुसून घेतलं.